रिचर्डसाहेबांचं नाव कुठे घालायचं

केवळाबाईंना कुणी पेपर वाचून दाखवलेला चालत नसे. माणसं गाळून वाचतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खोटं म्हणायची सोय नव्हती. सून आरती निधनवार्तांचं पान उलटून टाकायची, सकाळी सकाळी ते कशाला म्हणून. मुलगा हनुमंतराव टेंडरं आणि जाहीर नोटिसा खायचे. केवळाबाईंना मात्र सगळं लागे. चाळिशी उलटल्यावर प्रौढ साक्षरता वर्गात मांडी घालून बसून त्या वाचायला शिकल्या होत्या, आणि इतक्या उशिरा हाताला लागलेलं एकही अक्षर त्या वाया जाऊ देत नसत. पेपर हातात आला की मथळ्यापासून शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात बसवलेल्या मुद्रक-प्रकाशकापर्यंत सगळं वाचून काढायचं. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तरी रोज सकाळी त्या पेपर मागून घेत, मांडीवर ठेवत आणि त्यावरून हात फिरवत बसत.

हे हनुमंतरावांना बघवेना. ते नांदेडातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, म्हणजे घरातला मिक्सर बंद पडला की सगळे त्यांच्याकडे बघायचे आणि ते मेकॅनिकला फोन करायचे. पण या वेळी त्यांनी मनावर घेतलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचणारं एक सॉफ्टवेअर त्यांना इंटरनेटवर सापडलं. ते फुकट होतंच, शिवाय त्याची आतली सगळी रचना उघडी होती. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच, की तुम्ही जे बदलाल तेही असंच सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. ही अट वाचून हनुमंतरावांना चक्क गहिवरून आलं. सरकारी परिपत्रकांत आयुष्य गेलेल्या माणसाला इतकी चांगली अट वाचायची सवय नसते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी त्या सॉफ्टवेअरला मराठी शिकवलं आणि 'माझ्या आईसाठी' असं वर लिहून ते इंटरनेटवर उघडं ठेवलं. आवाज असा निघाला, की सर्दी झालेला कुणी रिकाम्या सिंटेक्सच्या टाकीत तोंड घालून बोलतोय. तुरीचा भाव आला की ते त्यातलं प्रत्येक शून्य वेगळं मोजून दाखवी. केवळाबाईंनी जुन्या टॅबवर अख्खा पेपर ऐकला.

"आवाज मढ्याचा हाय," त्या म्हणाल्या, "पर गाळत न्हाई. ठिव."

शेजारच्या गुंडप्पांना हे कळायला वेळ लागला नाही. गुंडप्पा मूळचे देगलूरचे, एसटीच्या भांडारातून निवृत्त झालेले. कॉलनीत कुठे ड्रिल मशीन वाजलं, की आपली खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसणं आणि काम चुकतंय कसं ते सांगणं, हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग. ते खुर्ची घेऊन आले.

"म्हंजे हे तुमी बनवलं, आन् उघडं ठिवलं? कुनीबी येऊन हात घालनार?"

"तीच तर यातली मजा आहे," हनुमंतराव म्हणाले.

"अय्यो. घराला कडी न लावता माहूरला जानं झालं की हे. देवी पावंल, पर माघारी आल्यावर भांडी ऱ्हानार न्हाईत."

भांडी न्यायला मात्र कुणी आलं नाही. फिरकलंच नाही कुणी. हनुमंतराव रोज कॉलेजातून आल्यावर बघायचे आणि जरा खट्टू व्हायचे. लुटायला ठेवलेलं घर कुणी लुटू नये, यातही एक अपमान असतो.

आणि मग एके दिवशी आर. के. आले.

आर. के. या दोन अक्षरांपलीकडे त्या माणसानं आपल्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. इंग्रजी मोजकं आणि स्वच्छ. पहिली दुरुस्ती आली आणि शून्यं मोजणं थांबलं. दुसरी आली आणि वाक्य संपल्यावर यंत्र क्षणभर श्वास घेऊ लागलं. हनुमंतरावांनी फक्त 'मंजूर'चं बटण दाबायचं, की सुधारणा सगळ्यांच्या यंत्रांत पोचे. पुढे तर आर. के.नी आवाजच बदलून दिला. टाकीतला माणूस गेला आणि एक शांत, स्पष्ट बोलणारी मुलगी आली. कुंडलवाडी, नायगाव, नरसी ही गावांची नावं ती अशी म्हणे, जशी इथली माणसं म्हणतात.

"काय अभ्यास आहे बघा या माणसाचा," हनुमंतराव कौतुकानं म्हणाले. कारण इतकं चोख काम, तेही न मागता आणि फुकट, म्हणजे माणूस भारतातला नसणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. नांदेड जिल्ह्यातला असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"आर म्हंजे रिचर्ड," गुंडप्पांनी निकाल दिला. "दुसरं काय असनार?"

तेव्हापासून रिचर्डसाहेब हे नाव पडलं. हनुमंतराव स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हणू लागले, "काल रात्री अमेरिकेहून आमच्या रिचर्डनी दोन दुरुस्त्या पाठवल्या." समोरचे इतिहासाचे सर मुकाट्यानं आपली भेंडीची भाजी पुढे करत. केवळाबाईंना रिचर्डशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या आवाजाला पोरगी म्हणत. "पोरगी मनापासून वाचायली," असं त्या आल्यागेल्याला सांगत आणि पेपरच्या वेळी दार लावून घ्यायला लावत.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, असं हनुमंतरावांना पुढे अनेकदा वाटलं. पण वाचणारं यंत्र फुकट मिळतं म्हटल्यावर त्यांच्या रेणुकानगर कॉलनीतल्या सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना ते हवं झालं. तिथून ते थेट लातूरला पोचलं. लातूरला हनुमंतरावांचे साडू बजरंग शिकवणी वर्ग चालवत. मुलांना नोट्स वाचून दाखवायला त्यांनी एक माणूस ठेवला होता, त्याच्या जागी त्यांनी हे यंत्र बसवलं आणि चौथ्या दिवशी फोन केला.

"पाव्हणे, लातूरला तुमचं यंत्र लई जोरात चालायलंय. पर एक इचारू का? त्यात आमचं नाव कुठं हाय?"

हा प्रश्न नेमका त्याच आठवड्यात आला, ज्या आठवड्यात आर. के.नी सुचवलं होतं, की ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची नावं सोबत एका जागी द्यावीत, या क्षेत्रातली तशी रीत आहे. सूचना साधी होती. पण मराठवाड्यात नावांची यादी म्हटली की तिचा एकच नमुना उपलब्ध आहे, तो म्हणजे लग्नपत्रिका. गुंडप्पा घरी जाऊन त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. तीत इतकी नावं होती, की लग्नाची तारीख शोधायला चष्मा लागे.

त्या पत्रिकेबरहुकूम यादी तयार झाली. कृपाशीर्वादात हनुमंतरावांचे सासरे शेषेराव, ज्यांनी हे काय आहे एवढं एकदा विचारलं होतं. मार्गदर्शक गुंडप्पा. व्यवस्थापक बजरंग, लातूर. स्वागतोत्सुक म्हणून रेणुकानगरातला प्रत्येक कर्ता पुरुष, मानाप्रमाणे, वयाप्रमाणे आणि कुणाचं कुणाशी भांडण आहे ते बघून मधे अंतर सोडून. सगळ्यांत खाली किलबिल, त्यात कीबोर्डवर चहा सांडणारा समोरच्या घरातला गोलूसुद्धा. राहता राहिले रिचर्ड.

"श्री लावायचं का चिरंजीव?" गुंडप्पांनी पेन थांबवलं. "वय मालूम हाय का तुमाला? उद्या चिरंजीव लिवलं आन् आजोबा निघाला, तर खामखा बेइज्जती."

"विचारून घेऊ का?"

"न्हाई वो. गोऱ्या मान्साचं काय असतंय, पत्रिकेत नाव न्हाई म्हनून त्यो रुसत न्हाई. आपल्या मान्साचं तसं न्हाई." एवढं बोलून त्यांनी शेवटी एक ओळ घातली: 'व समस्त विदेशी मित्रपरिवार'.

हनुमंतरावांना हे कुठेतरी टोचलं. पण सासऱ्यांचं नाव बजरंगच्या वर घ्यायचं की शेजारी, यावर आरती आणि तिच्या बहिणीचं फोनवर आधीच वाजलेलं होतं. टोचणाऱ्या गोष्टींत त्यांनी ही एक सर्वांत लहान धरली.

यादी कुणी वाचतच नसेल तर काय उपयोग, असं बजरंगचं पुढचं म्हणणं. यंत्र वाचणारंच आहे, तर रोज सुरू होताना त्यानं आधी यादी वाचावी. हनुमंतरावांनी तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शांत आवाजाची पोरगी मान्यवरांची नावं घेऊ लागली. केवळाबाई बराच वेळ ऐकत राहिल्या.

"आज कुनाचं लगीन हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही माय, ही मदत करणाऱ्यांची नावं आहेत."

"गुंडप्पानं काय मदत केली?"

यादी संपेपर्यंत केवळाबाईंचा चहा निवायचा आणि पेपरचं पहिलं पान येईतो त्यांना डुलकी लागायची, पण तक्रार त्यांनी केली नाही. पोरगी काही गाळत नाही, हा त्यांचा तिच्यावरचा विश्वास होता. मग नावं तरी कशी गाळणार.

पुढच्या महिन्यात बजरंगनी सगळं यंत्र उचलून त्याची 'लातूर आवृत्ती' काढली. आतला आवाज तोच, काम तेच, फक्त सुरुवातीला व्यवस्थापकाचं नाव संस्थापक म्हणून आणि मागे लातूरची अशी यादी, की नांदेडची त्यापुढे साखरपुड्याची वाटावी. हनुमंतराव संतापले. मग त्यांनी ती गहिवरून आणणारी अट पुन्हा वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं, की बजरंगनी अगदी नियमानं वागून त्यांना फसवलं आहे.

"मी म्हनलं होतं, कडी लावा," गुंडप्पा म्हणाले आणि तिथल्या तिथे समिती काढली. अध्यक्ष गुंडप्पा, सचिव हनुमंतराव. पहिला ठराव असा, की यापुढे यंत्रात कोणताही बदल समितीच्या मंजुरीशिवाय करायचा नाही. 'मंजूर'चं बटण हनुमंतरावांच्याच हाताखाली होतं, पण ठरावावर त्यांची सही होती, आणि सही केल्यावर माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागू लागतो. खरं सांगायचं तर सचिव हा शब्द त्यांना आवडलाही होता.

त्याच सुमारास आर. के.चा निरोप आला. टॅब आणि फोनची नवी आवृत्ती येऊ घातली आहे, ती आली की आपला आवाज बंद पडेल. त्यावरची दुरुस्ती मी पाठवली आहे, ती लवकर मंजूर करावी. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला माझी नोकरी सुरू होते आहे, त्यानंतर मला या कामाला हात लावता येणार नाही. तोवर काही अडलं तर सांगा, आणि हा माझा फोन नंबर. शेवटी एक विनंती होती, की जमल्यास यादी ओलांडून पुढे जायची सोय करावी.

ही शेवटची विनंती गुंडप्पांना झोंबली. "यादी वलांडायची? मान्यवरांना?"

हनुमंतरावांनी आर. के.ना इंग्रजीत उत्तर धाडलं: आपला विषय समितीच्या आगामी बैठकीपुढे ठेवण्यात येत आहे. हे वाक्य पाठवताना त्यांना फार बरं वाटलं होतं. आयुष्यभर ते अशी वाक्यं वाचत आले होते. लिहायची संधी पहिल्यांदाच आली होती.

बैठक झाली, पण विषय आला नाही. लातूरच्या आवृत्तीवर निषेधाचा ठराव, बजरंगचं नाव व्यवस्थापकावरून सहकार्यात उतरवणं, त्यामुळे रुसलेल्या सासऱ्यांना एक पायरी वर चढवणं, यातच चहा दोनदा झाला. हे बदल तातडीचे म्हणून तिथल्या तिथे मंजूर झाले आणि हनुमंतरावांनी त्याच संध्याकाळी यंत्रात घालूनही टाकले. पुढच्या बैठकीला गुंडप्पा देगलूरला गेले होते. आर. के.ची दुरुस्ती तशीच पडून राहिली. एक बटण दाबायचं होतं फक्त.

एका सकाळी टॅबनं आपण होऊन नवी आवृत्ती चढवून घेतली आणि पोरगी बोलायची थांबली. यादी नाही, पेपर नाही, काहीच नाही. हनुमंतरावांनी धावत जाऊन ते बटण दाबलं. पण नावांची चढउतार करताना त्यांनी आतमध्ये इतका गोंधळ घालून ठेवला होता, की दुरुस्ती आता कुठेच बसेना. लातूरहून बजरंगचाही फोन आला. संस्थापकांचंही यंत्र मुकं झालं होतं, आणि दुरुस्त करायचं कसं हे ते सचिवांना विचारत होते.

शेवटी हनुमंतरावांनी तो नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. त्यांनी घसा साफ करून इंग्रजीत मिस्टर आर. के. यांची चौकशी केली.

"मीच आर. के. हाय सर. राजकन्या कौठेकर."

हनुमंतराव मराठीवर आले. "आपण कुठल्या?"

"बिलोलीची. बसस्टँडच्या मागं घर हाय आमचं. तुमच्या समस्त विदेशी मित्रपरिवारात मी एकलीच हाय." ती हसली, आणि त्या हसण्यात राग अजिबात नव्हता, हेच हनुमंतरावांना सोसवेना. "मला दिसत न्हाई सर, लहानपनापासून. तुमचं यंत्र सापडलं तवा पहिल्यांदा मराठी पुस्तक कुनाच्या पाया न पडता आइकलं. म्हनून दुरुस्त करत गेले."

"पण मग सांगायचं नाही का तुम्ही? आम्ही नाव..."

"मी रोज आइकत होते की यादी. सगळ्यांची नावं पाठ हायत मला. गोलू कितवीत हाय आता?"

हनुमंतरावांना गोलू कितवीत आहे हे माहीत नव्हतं. त्यांनी चुकलं असं म्हणून पाहिलं, पण ते धड जमलं नाही, म्हणून मग सरळ टॅबचंच काढलं.

"आता न्हाई जमनार सर. हैदराबादला कंपनीत रुजू झाले मी. बाहेरच्या कामाला हात लावायचा न्हाई, अशी सही घेतली त्यांनी. मी कळवलं होतं तुमाला."

"हो. तो विषय आम्ही..."

"हाव. तुमचं उत्तर आलं होतं," ती म्हणाली. मग माय कशा हायत असं विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर हनुमंतरावांनी बरेच दिवस खटपट केली. दुसरी यंत्रं आणून पाहिली. एक नाक वर करून नुसत्या जाहिराती वाचे, दुसरं पेपरच्या पानापाशी येऊन अडे. गुंडप्पांनी समिती बरखास्त न करता स्थगित केली. हनुमंतरावांना मात्र त्या मुलीचं वाईट वाटत राही. जिच्या कामावर त्यांनी स्टाफरूममध्ये इतके डबे मिरवले, ती बसनं जाता येईल इतकी जवळ होती आणि रोज सकाळी त्यांच्या यादीत आपलं नाव येतं का ते ऐकत होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त आईला सांगितलं.

"पोरीचं नाव घ्याचं ऱ्हायलं, मंजे तू गाळलंस," केवळाबाई म्हणाल्या. तेवढंच.

आता पेपर हनुमंतरावच वाचून दाखवू लागले. कॉलेजला जायच्या आधी, पहिल्या पानापासून, टेंडरांसकट. आपण काही गाळायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि बरेच दिवस ते पाळलंही.

परवा मंगळवारी निधनवार्तांच्या पानावर विष्णुपुरीच्या पार्वतीबाईंचा फोटो होता. साक्षरता वर्गात केवळाबाईंच्या शेजारी बसणाऱ्या त्या पार्वतीबाई. दोघींत मिळून एक पाटी होती, आणि अजूनही महिन्या दोन महिन्यांनी एकमेकींकडे जाऊन त्या दिवसभर बसत. त्या दिवशी केवळाबाईंना रक्तदाब तपासायला न्यायचं होतं. डॉक्टरांकडचं झालं की मग सांगू, असं हनुमंतरावांनी ठरवलं आणि ते कांद्याच्या भावावर गेले.

"मधलं?" केवळाबाई म्हणाल्या.

"मधलं काय, माय?"

"थांबलास तू."

"पान चिकटलं होतं."

दवाखान्यात गर्दी होती, आईला आरतीसोबत घरी पाठवून हनुमंतरावांना तिथूनच कॉलेजला जावं लागलं, आणि सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा गुंडप्पा ओट्यावरून उठून जात होते. पार्वतीबाईंच्या मुलाची आणि त्यांची एसटीतली ओळख. ते विष्णुपुरीला जाऊन, सगळं उरकून आले होते, आणि केवळाबाई कशा दिसल्या नाहीत, एवढं विचारायला त्यांनी हाक मारली होती.

केवळाबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. सकाळचा पेपर मांडीवर होता.

"माय, मी सांगणारच होतो. तुझा बीपी..."

"वाच," त्या म्हणाल्या आणि पेपर पुढे केला.

हनुमंतराव शेजारी बसले. पान त्यांना चटकन सापडलं. पार्वतीबाईंचं पूर्ण नाव त्यांनी वाचलं, वय वाचलं, वृद्धापकाळानं निधन झालं ते वाचलं. पश्चात दोन मुलं, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं, सगळी वाचली. त्यांच्या पार्थिवावर, इथपर्यंत ते आले आणि थांबले.

"थांबू नको," केवळाबाई म्हणाल्या. "ती पोरगी थांबली नसती."

"त्यांच्या पार्थिवावर," हनुमंतरावांनी वाचलं, "आज सकाळी अकरा वाजता, विष्णुपुरी येथे अंत्यसंस्कार होणार आहेत."